एक इंच वर

टीमच्या कॅप्टनने माझा आलेख चोरला, ते एकवेळ चाललं असतं. पण त्याखाली स्वतःचं नाव घालून तो मलाच समजावून सांगायला लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

धुळ्याच्या कॉलेजात आम्ही काही जण मिळून खाचखळग्यांतून पळणारी शर्यतीची गाडी बनवत होतो. सस्पेन्शन आणि स्टीअरिंग माझ्याकडे. मी रावेरची, केळीच्या बागांतून ट्रॅक्टर हाकत मोठी झालेली. खड्ड्यात चाक काय करतं, हे पुस्तकाआधी माझ्या मनगटाला कळलं होतं. तीन महिने खपून मी रॅकची उंची काढली. रॅक म्हणजे स्टीअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा आडवा दांडा. तो चुकीच्या उंचीवर बसला, तर उंचवट्यावर चाक आपोआप वळतं. चालवणारा स्टीअरिंग सरळ धरून बसलेला आणि गाडी निघाली बांधाकडे. माझ्या आलेखातली रेघ सरळसोट होती. चाक वर जावो की खाली, वळणार नाही.

स्पर्धेसाठीचा अहवाल छापून आला. आलेख माझा, नाव त्याचं. मला काम दिलं जॅक मारायचं. "तुझे हात मजबूत आहेत," म्हणाला. वर हसलाही.

पुढच्याच आठवड्यात गाडी सोनगीरला नानांच्या शेडमध्ये होती. नाना ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे आणि हौसेने आमचं वेल्डिंग करून द्यायचे. कॉम्प्युटर-बिम्प्युटर त्यांना मान्य नव्हता. चाकांच्या कडेने सुतळी ताणून ते सगळं मापायचे. सुतळीनंतर विश्वास फक्त माझ्या शब्दावर. कॅप्टन लंबूटांग, आणि गाडी त्यालाच चालवायची होती. बसून पाहिलं तर त्याची पावलं रॅकला अडत होती. "एक इंच वर घ्या," त्याने फर्मावलं आणि चहाला निघून गेला.

नाना थांबले. "माय, एक इंच वर चाली का? तू सांग."

एका इंचात माझी सरळ रेघ मोडणार होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी गिळलं. उद्या गाडी उलटली तर, हा विचार मला तेव्हा शिवलाही नाही. मला फक्त त्याचं तोंड काळं झालेलं बघायचं होतं.

"चालेल नाना," मी म्हणाले. नानांनी वेल्ड मारला.

कॉलेजच्या सपाट मैदानावर गाडी गुणी बाळासारखी धावली. कॅप्टन गळ्यात हार घालून फोटो काढून घेत होता. मी लांबून टाळ्या वाजवल्या.

स्पर्धा नशिराबादजवळच्या माळावर होती. तपासणीच्या वेळी कॅप्टनने माझा आलेख उघडून भाषण ठोकलं. परीक्षकांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी उचलून दाखवा."

जॅक माझ्याच हातात. मी मुद्दाम सावकाश मारला. सांगाडा वर उठत गेला, चाकं खाली लोंबत गेली आणि दांडीच्या प्रत्येक दाबासरशी थोडी थोडी आत वळत गेली. स्टीअरिंगला कुणाचा हात नव्हता. इतकं सुख मला पहिल्या नंबरानेही दिलं नसतं.

"हा आलेख कोणी काढला?"

"मी, सर."

"आणि गाडी?"

"मीच."

"मग दोन्हींपैकी एक खोटं आहे. ही गाडी ट्रॅकवर जाणार नाही."

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी जॅकच्या दांडीवरचं ग्रीस पुसत होते. जशास तसं! त्याची दया मला तेव्हा आली नाही, आजही येत नाही.

परतताना गाडी सोनगीरला उतरवली. नानांनी सुतळी ताणली, जॅक मारला, वाकून पाहिलं.

"तुले माहीत व्हतं?"

"त्याने माझं काम चोरलं, नाना."

"त्यानी चोरं. पन हात तं मना व्हता ना, माय," स्वतःचा तळवा पुढे करत नाना म्हणाले.

पुढच्या वर्षी कॅप्टन मी झाले. अहवालावर माझं नाव आलं, गाडी शर्यत पूर्ण करून आली. वेल्डिंग नानांनीच केलं, तितक्याच हौसेने. फक्त मी "चालेल नाना" म्हटलं की ते मान डोलवायचे आणि पुन्हा एकदा सुतळी ताणायचे.