सौनाशेजारी पारखलेली मेमरी

उत्तरेकडच्या कडक थंडीच्या ओउलू गावची राइली म्हणजे भारी बाई! घरी कॉम्प्युटर जोडायचा आणि कंपनीने सांगितलंय त्याहून जोरात पळवायचा, हा तिचा छंद. जूनमधली कॉम्प्युटर क्लबची वेगाची शर्यत जिंकायचीच म्हणून तिने मेमरीच्या पट्ट्यांच्या दोन जोड्या आणल्या. तिथली रीत अशी, की हिवाळ्यात मशीन बाल्कनीत ठेवायचं आणि गारठ्यात जी मेमरी जास्त पळेल ती निवडायची. राइलीने मात्र मशीन आत आणून सौनाबाहेरच्या, म्हणजे घरातल्या वाफेच्या न्हाणीबाहेरच्या, कपडे बदलायच्या उबदार खोलीत मांडलं.

"अगं, मेमरीचाही घाम काढतेस की काय?" टॉवेल गुंडाळलेला तिचा नवरा उर्हो हसला. "बाल्कनीत पहिली जोडी काय सुसाट पळाली!"

"थंडीत काय, तूसुद्धा पळतोस," राइली म्हणाली. "शर्यत जूनमध्ये आहे, बाबा."

ऊब चढली तशी पहिली जोडी चुका करू लागली. दुसरी वेगाला जरा कमी, पण चूक एकही नाही. राइलीने तीच घेतली.

जूनमध्ये क्लबचा हॉल माणसांनी नि मशीनांनी तापला. बाल्कनीवाल्यांची मशीनं एकेक करून बसली. राइलीचं शेवटपर्यंत पळत राहिलं. आणि उर्हो? तो ज्याला त्याला सांगत सुटला, "आमच्या सौनात तयार झालीय ती मेमरी!"