चाक शिवेबाहेर

"थांबा गुरुजी! काऊन जाऊन राह्यले? गुरुजीऽऽ!"

पेरमा, म्हणजे गावचा पुजारी, असा ओरडला की मोहाची उरलीसुरली फुलं एका दमात खाली आली असावीत. मी करकचून ब्रेक दाबले. आपल्या सायकलीला ब्रेक आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सायकल थांबली, पण पुढचं चाक राखेची रेघ ओलांडून गेलं होतं.

एटापल्लीपलीकडच्या त्या जंगलगावात मी मास्तर होतो. त्या दिवशी बियाण्याचा पंडुम होता. पंडुम म्हणजे सण. पेरणीआधी धान्य देवापुढे ठेवायचं आणि गाव बांधायचं, म्हणजे शिवेवर राख टाकून रोगराई बाहेर हाकलायची. एकदा गाव बांधलं की दिवस बुडेपर्यंत कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही. मला ठाऊक होतं सगळं. पण मला दुपारची एस.टी. गाठायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंदेवाहीला मुलगी पाहायची होती. तशी ती मी जयंतीच्या मिरवणुकीत पाहिलीच होती. ती निळा झेंडा धरून चालली होती, आणि तिच्याकडे बघत चालता चालता मी सरळ नालीत गेलो होतो. तिच्या बापाचा निरोप होता : सकाळीच या, दुपारी दुसरे पाहुणे आहेत.

"पेरमाभाऊ, चाक तं गेलंच. त्याच्या मागून मी जातो," मी म्हणालो.

"चाक गेलं ते गेलं. तुमी आतच राहा. तुमी गेले तं बांधणं तुटते."

"मंग सायकल आत घेतो."

"अन् बाहेरची बिमारी लागली असन चाकाले, ते?"

झालं! चाक आत येईना, मी बाहेर जाईना. स्टँडवर लावावी, तर मागे ओढल्याशिवाय त्या सायकलीचा स्टँड लागत नसे. टेकूला बांबू तोडावा, तर पंडुमाला कुऱ्हाड बंद. मी हँडल धरून उभा. अख्खं गाव बघायला लोटलं. माणसं, कुत्री, आणि माझ्या अंदाजाने दोन-तीन देवसुद्धा. एक म्हातारी तर पसरून बसली आणि म्हणाली, "नवरदेव घोड्यावर बसते म्हणते. आमचे गुरुजी लोखंडी बैल धरून उभे!"

मी शेवटचं अस्त्र काढलं. "भाऊ, आम्ही बौद्ध लोक. तुमचे देव मले लागत नाई."

"देव नाई लागत," पेरमा म्हणाला. "गोवर लागते."

आदल्या पावसाळ्यात गोवराने माझ्या पहिलीतली दोन लेकरं नेली होती. त्यातली एक याची नात.

खरं तर मला कोणी धरलं नव्हतं. ती रेघ मुंगीलाही अडवत नव्हती. एक कोंबडी तर माझ्यादेखत मजेत आत-बाहेर करत होती आणि तिला कोणी हटकत नव्हतं. पायडल मारलं असतं तर संपलं होतं. पण पुढच्या पावसाळ्यात एखादं लेकरू तापलं असतं, तर ते माझ्याच चाकापायी तापलं असतं. गाव तसं म्हणालं नसतं, तरी मी म्हणालो असतो. सायकल टाकून सावलीतही बसवेना. हात सोडला की जाणंच सोडलं, असं वाटायचं.

ऊन असं की हँडलवर भाकर भाजून निघाली असती. मुलगी पाहायला म्हणून घातलेला टेरिलिनचा शर्ट पाठीला चिकटला. मग दूर रस्त्यावर एस.टी.चा भोंगा वाजला. म्हातारीही हसायची थांबली. भोंगा पुन्हा वाजला, जरा लांबून. मग नुसती धूळ दिसली, झाडांच्या वर.

दिवस बुडताना पेरमाने चाकावर पाणी शिंपडलं आणि म्हणाला, "जा आता, गुरुजी."

आता कुठे जाऊ? गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सिंदेवाहीला मुलीच्या बापापुढे बसलो आणि सगळी हकीकत सांगितली. राख सांगितली, चाक सांगितलं. त्याचा चेहरा हलेना म्हणून रेघेपलीकडे एक वाघही बसवला. त्याने वाघासकट सगळं ऐकून घेतलं. मग माझ्यापुढे बशी सरकवली.

"पोरीचं काल जमलं," तो म्हणाला. "चहा घ्या."