गाडी माझ्या नावावर

चालानाचा मेसेज आला तेव्हा मी रायपूरच्या उरला भागातल्या आमच्या कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये बसलो होतो. दुसऱ्या पाळीचे लोक गेटातून आत येत होते. मेसेज हिंदीत होता. माझ्या नावावरच्या स्कूटीनं तेलीबांधा चौकात लाल सिग्नल तोडला, दंड भरा. मी तो परत वाचला आणि उठून बाहेर आलो. बाहेर लोखंडाच्या ट्रकांची रांग होती, धूळ होती. तिथंच एका ट्रकाच्या आडोशाला उभा राहून मी घरी फोन लावला, पण बायकोनं उचलल्यावर घरी येऊन सांगतो एवढंच म्हणून ठेवला.

ती स्कूटी थंडीच्या दिवसांत घरातून गेली होती आणि तिच्यावर बसून आमचा मुलगा गेला होता.

मुलगा एकच. डिप्लोमा होऊन घरी बसला होता. मी साहेबांना गळ घालून त्याला आमच्याच रोलिंग मिलमध्ये चिकटवलं. महिनाभरही टिकला नाही. एका सकाळी चहा पिता पिता त्यानं सांगितलं, जाणार नाही. मी जे बोललो ते कोणताही बाप बोलला असता. तो माझं ऐकून घेत होता. आमच्या घरात आम्ही मराठी बोलतो आणि तो हिंदीत उत्तर देतो, लहानपणापासून तसंच चालत आलेलं. तसंच तो त्या दिवशीही हिंदीत म्हणाला, "पापा, आपसे नहीं होगा मेरा कुछ।" आवाज चढवला नाही. खिळ्यावरची चावी घेतली, कागदपत्रांची थैली घेतली आणि निघून गेला. संध्याकाळपासून फोन बंद.

मित्रांना विचारलं, गोंदियाच्या नातेवाइकांना विचारलं. पोलीस ठाण्यात गेलो तर तिथल्या माणसानं वय विचारलं आणि म्हणाला, बालिग आहे, आपल्या मर्जीनं गेला, येईल. अर्ज मात्र ठेवून घेतला. त्यानंतर सगळी थंडी गेली, उन्हाळा लागला आणि काही कळलं नाही. मी ड्युटीवर जात होतो. बायको स्वयंपाक करत होती. बोलायला आमच्याकडे दुसरा विषय नव्हता आणि तो विषय आम्ही काढत नव्हतो.

त्यात हा चालान.

मेसेजमध्ये एक लिंक होती, ती उघडली की फोटो दिसायचा. घरी येऊन मी तो बायकोला दाखवला. मागून काढलेला फोटो. सिग्नलच्या पांढऱ्या पट्टीपुढे आमची स्कूटी, नंबर स्पष्ट, आणि वर पाठमोरा एक तरुण माणूस. चौकड्याचा शर्ट, उघडं डोकं. चेहरा नाही. बायकोनं मोबाइल हातात घेतला, खिडकीशी नेला, बोटांनी फोटो मोठा केला, इतका मोठा की नुसते ठिपके दिसू लागले.

"अजी, हा आपलाच आहे," ती म्हणाली. "बारीक झाला."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. बहिणीला फोन करून सांगितलं, रायपुरातच आहे, तेलीबांध्याकडं राहत असंल. मलाही तसंच वाटलं. तिकडं नवीन इमारती आहेत, ऑफिसं आहेत, पोट्ट्याला काही काम लागलं असेल. मी ड्युटी सुटली की तेलीबांध्याला जाऊन उभा राहू लागलो. तिथल्या तलावाच्या कडेला लोक फिरायला आलेले असत आणि मी त्यांच्याकडे पाठ करून सिग्नलला थांबणाऱ्या स्कूट्यांचे नंबर वाचत असे. आमच्यासारख्या पांढऱ्या स्कूट्या या शहरात किती आहेत ते मला तेव्हा समजलं.

दंड मात्र भरला नाही. दंड भरला की चालान मिटतो, आणि तो मिटलेला मला नको होता. मुलाकडून आलेली ती एवढीच गोष्ट होती. मुदत गेली आणि दुसरा मेसेज आला की प्रकरण कोर्टाकडे पाठवलं आहे.

कोर्टाकडं म्हणजे कुठं, हे शोधण्यात बरेच दिवस गेले. यातायात ठाण्यात, म्हणजे ट्रॅफिक पोलिसांकडे, म्हणाले, आता आमच्या हातात नाही, कोर्टात विचारा. कोर्टातल्या खिडकीवर म्हणाले, ऑनलाइन पहा. मी मोबाइलवर पाहिलं तर माझ्या नंबराचं काही सापडेना. शेवटी तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराजवळच्या चॉइस सेंटरवर गेलो, जिथं आम्ही आधार आणि दाखल्यांची कामं करून घेतो. तिथल्या मुलीनं राज्य निवडलं, गाडीचा नंबर टाकला आणि पडदा माझ्याकडं वळवला. केस नंबर होता, कलम होतं, आणि अभियुक्त म्हणून माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"पटा दूँ, अंकल? अभी हो जाएगा।"

दंड भरायला मी नको म्हणालो. खाली आणखी एक बटण होतं, आरोप मान्य नाही असं म्हणण्यासाठी. मी तिला ते दाबायला सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, मग पेशीवर, म्हणजे तारखेला कोर्टात, जावं लागेल, एवढ्याशा गोष्टीसाठी लोक असं करत नाहीत. मी म्हटलं, जाईन.

माझा हिशेब सरळ होता. कोर्ट विचारेल, गाडी कोण चालवत होता. मग पोलीस त्याला शोधतील. ठाण्यानं माझ्यासाठी जे केलं नाही ते एका लाल सिग्नलसाठी करतील.

पेश्या सुरू झाल्या. मी सुट्टी टाकून कचहरीत जायचो, बाकावर बसायचो. एकदा नाव पुकारलंच नाही. एकदा न्यायाधीश मॅडम रजेवर होत्या. बाबू मला ओळखू लागला आणि दर खेपेला तेच सांगू लागला, काका, चालान पटवून टाका, काहून हैराण होता. मधेच दुसरा चालान आला, हेल्मेट नाही म्हणून. फोटो तसाच, पाठमोरा. बायको रागावली. "डोक्यावर काही घालत काहून नाही हा पोट्टा," म्हणाली, आणि मी तिच्याकडं पाहत राहिलो, कारण कितीतरी दिवसांनी ती त्याच्यावर रागावली होती.

पावसाळा संपता संपता यातायात ठाण्यातून फोन आला. केस चालू असलेल्या गाड्या ते चौकात अडवतात, तशी आमची स्कूटी अडवली होती. फोनवरचा माणूस घाईत होता. म्हणाला, गाडी पकडली आहे, लड़का भी मिल गया है, उसको पेशी में बुलाया है, आप भी आ जाना। मी विचारलं, ठीक आहे का तो? तो म्हणाला, ठीक है, उसको क्या हुआ, आणि फोन ठेवला.

लड़का. मी तो शब्द घरी येऊन जसाच्या तसा सांगितला.

पेशीच्या दिवशी बायको माझ्या आधी तयार होती. चांगली साडी नेसली होती. रस्त्यात तिनं मला दोनच गोष्टी सांगितल्या. त्याला काही विचारायचं नाही, आणि घरी चल असंही एकदम म्हणायचं नाही. मी कबूल केलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी होती. तो आम्हाला लांबूनच दिसला, तसाच पाठमोरा, खांबाला टेकून उभा. शर्टही चौकड्याचाच होता. बायकोनं माझा हात सोडला आणि भराभर पुढं गेली. तिनं त्याला घरच्या नावानं हाक मारली. तो वळला नाही. तिनं जवळ जाऊन परत मारली तेव्हा वळला आणि एका बाजूला सरकला. आम्हाला जायला वाट पाहिजे आहे, असं त्याला वाटलं.

तिशीतला माणूस होता. मिशी, कपाळावर टिळा. बायको तिथंच थांबली. मी पुढं होऊन त्याला विचारलं की तो स्कूटीच्या केससाठी आला आहे का. हो म्हणाला. गाडी त्यानं थंडीत विकत घेतली होती, स्टेशनबाहेर, एका मुलाकडून. कच्ची लिखापढी झाली होती, ती त्यानं सोबत आणली होती. खालची सही आमच्या मुलाची होती.

मग त्यानं मला विचारलं, "आप उनके चाचा हैं?"

"मैं उसका पिता हूँ।"

तो माझ्याकडं पाहत राहिला. मग बायकोकडं पाहिलं, तिच्या गळ्याकडं, कपाळाकडं. मग खाली मान घालून म्हणाला, "उन्होंने तो बोला था, पिताजी नहीं रहे। इसीलिए कागज में टाइम लगेगा।"

आजूबाजूला वकील लोक बोलत होते, कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. तो माणूस माफी मागत होता. त्याची काही चूक नव्हती, तसं मी त्याला सांगितलंही. बायकोनं त्याला विचारलं की मुलगा कुठं जातो म्हणाला होता. त्याला माहीत नव्हतं. बाहेर जातोय, काम आहे, एवढंच बोलला होता. कोणत्या रेल्वेनं, तेही नाही. किमतीसाठी घासाघीस केली नाही, एवढं मात्र त्याच्या लक्षात होतं. चावी दिली आणि स्टेशनात गेला. ज्या सकाळी तो घरातून निघाला त्याच आठवड्यातली ही गोष्ट. म्हणजे मी तेलीबांध्याला उभा राहत होतो तेव्हा तो या शहरात नव्हताच.

आम्हाला आत बोलावलं. मॅडम वयानं लहान होत्या, सभ्य होत्या. गाडी माझी आहे का विचारलं. हो. कोण चालवत होतं? त्या माणसानं स्वतःच कबूल केलं. त्याला दंड झाला, तो त्यानं तिथंच पटवला. मला सांगितलं की गाडी विकल्यावर नाव बदलून देणं मालकाची जबाबदारी असते, पुढच्या वेळी लक्षात ठेवा. मग म्हणाल्या, "आपको कुछ कहना है?"

इतक्या पेश्यांत मी मनातल्या मनात पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. मुलगा हरवला आहे, मदत करा, असं सगळं. पण ज्याच्यासाठी बाप मेला आहे तो हरवला आहे असं कसं म्हणायचं, ते मला कळेना. मी म्हटलं, नाही. मग हिंदीत म्हटलं, नहीं मैडम।

परत येताना आम्ही ऑटो केली. घर जवळ आलं तेव्हा बायको म्हणाली, "गाडीचे कागद होऊन राहिले नव्हते, म्हणून बोलला असंल. नाही तर कोणी घेतली असती का गाडी?"

"हव," मी म्हटलं.

"मनातून नसंल बोलला."

"हव."

नंतर मी त्या माणसासोबत आरटीओत जाऊन सह्या करून दिल्या. ठाण्यातही गेलो, स्टेशनवरच्या कॅमेऱ्यात काही सापडेल का विचारायला. इतके महिने काही राहत नाही, म्हणाले. माझा अर्ज त्यांनी शोधला, पण कुठं ठेवला ते त्यांना सापडलं नाही. दुसरा द्या म्हणाले. मी अजून दिलेला नाही. त्यात काय लिहायचं, तेच ठरत नाही. बायकोनं दोन्ही फोटो मोबाइलमधून काढून टाकले, मला न सांगता. मला ते एका दुपारी कळलं. मी विचारलं नाही.

मला एकच गोष्ट राहून राहून आठवते. त्या माणसाला मी इतकं सगळं विचारलं, पण हे विचारायचं राहून गेलं की वडील नाहीत असं सांगताना आमचा मुलगा कसा बोलला. खाली पाहत होता का, अडखळला का, की गाडीचा नंबर सांगावा तसं सांगून मोकळा झाला. त्या माणसाचा फोन नंबर माझ्याकडं आहे. भला माणूस आहे, विचारलं तर सांगेल. मी नंबर काढतो, पाहतो, आणि मोबाइल परत खिशात ठेवतो.