तांडेलाचा पहिला घास
नारळीभातात गूळ विरघळू लागला की मला ती नारळी पौर्णिमा आठवते. वडील आमच्या मासेमारीच्या होडीचे तांडेल, म्हणजे म्होरके. त्यांनी आईच्या हातचा गोड घास खाल्ल्याशिवाय होडी पाण्यात ढकलायची नाही, अशी घरची रीत. त्या वर्षी त्यांच्या रक्तात नुकतीच साखर निघाली होती. आईने घास पुढे करताच ते म्हणाले, "गोड दर्याला दे. मला नुसतं खोबरं दे, अजून लय वर्षं दर्यावर जायचं हाय." खलाशी घुटमळले, होडीला कोणी हात लावेना. वडिलांनी खोबरं सावकाश चावून संपवलं आणि एकट्यानेच होडीला खांदा लावला. मग सगळे धावले. आता तांडेल मी आहे, साखर मलाही आहे, आणि आज लेकीने न सांगता खोबऱ्याचाच तुकडा पुढे केला. नवे खलाशी समजतात, आमच्या घरची रीत पहिल्यापासून हीच.