सासरची एन, माहेरची सी

आमच्याकडं लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. मी ‘श्रीदेवी’ लिहिलं. नाव आईनं, म्हणजे कमलम्मानं ठरवलेलं. नवऱ्याला कुणी विचारलं नाही, नवरीला तर नाहीच. तेव्हापासून शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात ती श्रीदेवी. माहेरी अक्कलकोटला आणि कॉलेजात शिवलीला. घरात हाक मारली की ती जरा उशिराच वळायची. मला ते लागायचं.

ती एम.एस्सी. करते, स्फटिकांवर. मी चादरी विकतो, म्हणून तेवढ्यापुरतं कळतं. चादरीवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, तसे स्फटिकात अणू. ज्या एका चौकटीनं सगळा स्फटिक भरता येतो, ती युनिट सेल. नक्षी कशी उलटते, कशी सरकते, हे दोन-चार अक्षरा-आकड्यांच्या खुणेत लिहितात.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी ती रडकुंडीला आली. सरांनी दिलेल्या स्फटिकाच्या छापील खुणेत शेवटी ‘सी’ होतं, हिच्या खुणेत ‘एन’. चौकटीच्या बाजूही जुळेनात.

“सगळं चुकलं. आता नापास.”

“एन खोडून सी लिही की,” मी म्हटलं. तिनं असं बघितलं की मी मुकाट्यानं चहा टाकायला उठलो.

तेवढ्यात चार्जिंगला लावलेला तिचा फोन वाजला. आईनं उचलला. “शिवलीला? हितं कुणी शिवलीला न्हाय. राँग नंबर.” सुनेच्याच फोनवर, सुनेच्या मैत्रिणीला!

शिवलीला आधी चिडली. मग कागदावरच्या ‘एन’कडं बघू लागली. मग हसत सुटली आणि कागदावर रेघा ओढू लागली.

“अहो, चौकट कुठून आखायची ते आपणच ठरवतो की. त्यांच्या चौकटीत नक्षी एका बाजूच्या दिशेनं सरकते, म्हणून सी. मी चौकट तिरकी आखली. तेच सरकणं माझ्याकडं कर्णाच्या दिशेनं दिसतं, म्हणून एन.” तिनं दोन्ही चौकटींचं घनफळ काढलं. सारखंच निघालं. “स्फटिक एकच हाय. घर बदललं म्हणून नाव बदललं.”

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारलंच, तुमचं बरोबर की छापलेलं? “दोन्ही, सर,” म्हणून तिनं एका चौकटीतून दुसरी काढून दाखवली, वर माहेर-सासरही सांगितलं. परीक्षक पोट धरून हसले आणि तिला पास केलं.

संध्याकाळी पेढे देताना ती आईला म्हणाली, “अत्ती, श्रीदेवी मला आवडतं. पण शिवलीलाला घराबाहेर काढू नका.”

आई नुसतं “व्हय” म्हणाली आणि पेढा खात बसली. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

रात्रीचं जेवण चाललं होतं, तिचा फोन वाजला. आईनंच उचलला.

“शिवलीला? हाय की. भाकऱ्या करतीया. थांब, श्रीदेवीला हाक मारते, तीच येती.”

या खेपेला ती पहिल्या हाकेलाच वळली.