आतोबांचा काढा

अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात काळजी करण्यात माझ्या आतोबांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि दुसऱ्याची काळजी घालवण्यात तर नव्हताच नव्हता. आत्याच्या या यजमानांचं आगरदांड्याच्या धक्क्यावर चहाचं दुकान होतं. दिघीला जाणारी माणसं होडीची वाट बघत तिथं टेकायची, मग काळजीला काय तोटा! कोणाची कोर्टाची तारीख, कोणाची लेक बाळंतपणात अडलेली. आतोबा गिऱ्हाइकाला निरखून म्हणत, "चेहरा काय बरा दिसत न्हाय तुमचा." झालं! चहा मागणाऱ्याच्या हातात काढा पडायचा. भाताच्या बांधावरची ब्राह्मी, मुंबईहून मागवलेली जटामांसी, अश्वगंधा, सगळं कमरेच्या बटव्यात तयार. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून एका मास्तरांना धडकी भरली होती. त्यांना आतोबांनी असा काही काढा पाजला की साहेब वर्गात आले तरी मास्तर खुर्चीतून उठले नाहीत, नुसते गोड हसले. त्यांची बदली पार आडबाजूच्या तळा गावी झाली, पण तक्रार म्हणून त्यांनी कधी केली नाही.

स्वतः आतोबा रोज सकाळी अश्वगंधा घेत आणि मग घेतली की नाही याची दुपारपर्यंत काळजी करत. चूल विझली का ते बघायला दुकानातून घरी पळत. घरी पोचले की दुकानातली चूल आठवे! आत्या कपाळाला हात लावून म्हणायची, "ह्यांनी गावाची काळजी काढली ती कुठं गेली ठाव हाय? समदी माझ्या डोस्क्यात!"

खरी कसोटी लागली ती लेकीच्या, शेवंतीच्या लग्नात. मुलगा सोन्यासारखा होता, शेवंतीच्याही मनात भरला होता. पण व्याही म्हणजे साक्षात जमदग्नी! पापड करपला म्हणून थोरल्या मुलाला त्यांनी दंडाला धरून बोहल्यावरून उठवून नेलं होतं. आतोबांच्या तोंडचं पाणी पळालं. "माझी पोर हळद लागून घरात बसली तर रं?" एवढं एकच ते मला दिवसभर विचारत होते.

शेवटी त्यांनी आपलंच शास्त्र काढलं. वऱ्हाड होडीतून उतरतंय तोच आटीव दुधाचे पेले फिरले. त्यात जायफळ आणि जटामांसी, अगदी सढळ हातानं. व्याह्यांना दोनदा आग्रह झाला. आणि काय सांगू, व्याही विरघळले! मांडवाचा कोपरा डहाळ्यांसकट त्यांच्या फेट्यावर कोसळला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, गार वाटतंय." मानाचं धोतर चुकून वाजंत्र्याला गेलं, तर म्हणाले, "शोभतंय त्याला." वरमाई रिवाजाप्रमाणे रुसून बसली, ती बसल्या बसल्या घोरू लागली. अक्षता पडल्या तसे आतोबा मांडवामागं जाऊन चक्क नाचले. मी या डोळ्यांनी पाहिलंय.

पण निघायची वेळ झाली आणि वऱ्हाड काही उठेना. भरती सरत चाललेली. तांडेलाला हाक मारायला धावलो, तर तोही दूध पिऊन होडीत आडवा! खाडीचं पाणी ओसरलं, होडी चिखलात बसली आणि शेवंती आणखी एक रात्र माहेरी राहिली.

दुसऱ्या दिवशीच्या भरतीला वऱ्हाड निघालं. व्याही आतोबांचे हात धरून म्हणाले, "व्याहीबुवा, अशी झोप बारशापासनं लागली नव्हती!" शेवंती बापाच्या गळ्यात पडली. "आबा, येळेवर जेवत जा," एवढंच म्हणाली आणि होडीत चढली.

होडी लांब गेली तसे आतोबा धक्क्यावरच मटकन बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. आत्यानं स्वतःचे डोळे पदरानं पुसत काढ्याचा पेला त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी तो हातानं बाजूला सारला. "नको गं. पोर गेली माझी. आज मला बरं वाटाया नको."

आत्यानं पेला खाली ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा, चारचौघांदेखत, नवऱ्याला खेटून बसली. होडी दिसेनाशी झाली तरी दोघं तशीच बसून होती.