चार दिवसांचं सांगून

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात उदगीरच्या आडांनी तळ दाखवला. टँकर यायचा तो उस्मानाबादेहून हुकूम सुटल्यावर. "आपला लातूर जिल्हा होऊ द्या, मग बघा," असं मलप्पाच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसणारे म्हणायचे. तो व्हायला अजून नऊ वर्षं होती, आणि मलप्पाच्या लेकीला, रुद्राणीला, गढूळ पाण्यानं जुलाब लागले होते.

"पोरीला नांदेडला गौरम्माकडं धाडू," मलप्पा बायकोला म्हणाला. "बहीण हाय माझी, परकी न्हाई. गोदावरी हाय, नळ हाय. इथं पोर वाळून राहिलीय."

शिवगंगा भाकरी थापत होती.

"रडली तर चार दिवसांचं सांग. पाऊस पडला की आनू."

परातीतला हात थांबला. "चार दिवसांचं म्हनायचं न्हाई."

"मग काय म्हनायचं?"

ते तिलाही माहीत नव्हतं. पाठवायचं की नाही, हेच तिला ठरवता येत नव्हतं. रात्री रुद्राणीच्या कपाळावर हात ठेवला की वाटायचं, उद्याच न्यावं. सकाळी पोर अंगणात दिसली की वाटायचं, कुठंच नको.

शिवगंगा स्वतः सातेक वर्षांची असताना तिला असंच पाठवलं होतं. रझाकारांची धामधूम होती. आज हे गाव लुटलं, उद्या ते जाळलं, अशा बातम्या यायच्या. तिच्या वडिलांना, अप्पांना, दुकान सोडवेना, आईच्या, म्हणजे शरणम्माच्या, अंगावर तान्हं पोर. अप्पांच्या ओळखीची एक कुणबीण, कस्तुराबाई, जळकोटच्या पुढं डोंगरातल्या वाडीत राहायची. तिथं गाडीवाटसुद्धा नव्हती. शरणम्मानं पोरीला तिथं नेलं. "चार दिवसांनी येते," म्हणाली. पोरीच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी झग्याच्या आत सारली. "पूजा केल्याबिगर घोटभर पानी बी घ्यायचं न्हाई. मोडलंस तर बघ." आणि पहाटे पोर झोपेत असतानाच निघून गेली.

चार दिवस झाले. मग किती झाले ते पोरीला मोजता येईना.

एकदा शेजारच्या गावात रझाकार शिरल्याची हूल उठली. कस्तुराबाईनं घरातला सगळा डाग-दागिना गोळा केला. स्वतःच्या पाटल्या, सुनेचे वाळे, आणि झटक्यात शिवगंगाच्या गळ्यातली ती डबीसुद्धा. सगळं मडक्यात घालून गव्हाणीखाली पुरलं. "तुजा डाग सुखरूप ऱ्हाईल, बाई," म्हणाली आणि वरून शेण सारवलं. डबीत देव असतो, हे तिला कोण सांगणार? शिवगंगानं सांगायला हवं होतं. पण परक्या घरात तिची वाचाच बसली होती.

ती जेवेना. कस्तुराबाईला वाटलं, आईची आठवण. मग वाटलं, वाण्याची पोर, आपल्या हातचं चालत नसेल.

"का ग, आमचं अन्न बाटतं व्हय तुला?" तिनं विचारलं. तरी कोरं गाडगं आणून त्यात दूध तापवून ठेवलं.

पोरीनं ते गाडगं दिवसभर नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात कोणी नव्हतं. टोपल्यातली शिळी भाकरी तिनं उभ्यानंच खाल्ली, गव्हाणीकडं पाठ करून.

त्या दिवसापासून तिला ठाऊक झालं, की आई, तिची अव्वा, का येत नाही. ती वाटेकडं बघत बसली की कस्तुराबाई म्हणायची, "येतील ग तुजी मान्सं." शिवगंगा मान हलवायची. आपण नेम मोडला म्हणूनच येत नाहीत, हे या भल्या बाईला कसं सांगायचं?

पोळा होऊन गेला. मग हिंदुस्थानच्या फौजा आल्याची बातमी आली, वाडीनं गूळ वाटला, गव्हाणीखालचं मडकं निघालं. डबी पुसताना ती उघडली. आतलं काळं लिंग बघून कस्तुराबाई ओरडली, "आग माजे माय, देव पुरला व्हय मी? बोलली का न्हाईस?" तिनं आधी लिंगाला हात जोडले, मग पोरीला पोटाशी धरलं.

शरणम्मा आली तेव्हा शिवगंगा कस्तुराबाईच्या पदराआड उभी राहिली. आईनं ओढून जवळ घेतलं, गळा चाचपला. डबी जागेवर होती.

"पूजा चुकली न्हाई न्हवं?"

"न्हाई."

आई खूश झाली. घरी गेल्यावर शेजारणींना तेच कौतुकानं सांगत राहिली. शिवगंगा ऐकत बसायची, कोणा दुसऱ्याच पोरीचं ऐकावं तशी.

आता मलप्पानं दोनदा एस.टी.ची वेळ विचारून आणली. तो तिसऱ्यांदा विचारायला निघाला त्या दिवशी रुद्राणीला उलटीही झाली, तेव्हा शिवगंगानं पोरीचे झगे पिशवीत भरले.

नांदेडला गौरम्मानं दारातच भाचीला उचललं. "चार दिवस ऱ्हा, मग आई न्यायला—"

"वन्सं, तसं नका सांगू तिला," शिवगंगा म्हणाली. खाली बसली, पोरीच्या तोंडासमोर. "मी पाऊस पडल्याबिगर न्यायला येनार न्हाई."

"कवा पडंल?"

"मला ठाऊक न्हाई."

"न्हाईच पडला तर?"

"तर हितंच शाळंत घालू. तुजे अप्पा मधून मधून येतील. मी बी येईन, पन न्यायला न्हाई."

गौरम्माच्या कपाळाला आठी पडली. "लेकराला एवढं खरं सांगतात व्हय?"

रुद्राणी त्या दिवशी ताटाकडं पाठ फिरवून बसली. शिवगंगा रात्र राहिली. पहाटेची गाडी होती, ती तिनं सोडली. पोर उठेपर्यंत उशाशी बसून राहिली. उठल्यावर तिची वेणी घातली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "आता मी निघते."

"जा," रुद्राणी म्हणाली.

शिवगंगा निघाली. गल्लीच्या मध्यावर पोचली नसेल तोच मागून आवाज आला. पोर ओरडून रडत होती, आईला नावं ठेवत होती, गौरम्माला हात लावू देत नव्हती. शेजारच्या दोन बायका बाहेर येऊन बघू लागल्या.

शिवगंगा भिंतीला टेकून उभी राहिली. त्या वाडीत आपण एकदाही आवाज काढून रडलो नव्हतो, हे तिला आज कळलं. रडणं पुरतं ऐकून घेतल्यावर तिनं पदर सावरला आणि स्टँडचा रस्ता धरला.